मागच्या बाजूची पन्हळ

पानगळ सुरू झाली की त्या गल्लीत एक माणूस फुगायला लागायचा. एरवी वर्षभर त्याला कोणी हिंग लावूनही विचारत नसे. फर्निचरच्या कारखान्याच्या गोदामात तो कामाला होता. कुठलं कपाट कुठल्या गाडीत चढतंय ते बघायचं आणि गाडीचं दार लावून घ्यायचं, एवढाच त्याचा पराक्रम. पण झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली की हा गडी जुनी पँट चढवायचा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालायचा, बागेतलं खुरपं कमरेला खोचायचा आणि शिडी खांद्यावर टाकून अशा तोऱ्यात बाहेर पडायचा, की नवख्या माणसाला वाटावं हा आता किल्लाच सर करून येणार.

सर काय करायचा, तर पन्हळी. तिथल्या सगळ्या घरांना उतरती छपरं होती आणि छपरांच्या कडेने पत्र्याच्या पन्हळी. छपरावरचं पाणी पन्हळीत यायचं, पन्हळीतून कोपऱ्यातल्या उभ्या पाइपात आणि तिथून खाली नालीत. पानं साठली की पन्हळ तुंबायची, पाणी काठावरून भिंतीवर उतरायचं आणि भिंत ओल धरायची. थंडीच्या आत पन्हळी साफ करणं भागच होतं. काम चिखलाचं, कुजक्या पानांचं, नाक मुरडायला लावणारं. कोणालाच नको असलेलं. म्हणून तर याचं फावलं होतं.

गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं पन्हळपंडित. आधी पाठीमागे, मग हळूहळू तोंडावर. "काय पंडित, यंदा आमच्याकडे कधी?" असं कोणी विचारलं की याची छाती बोटभर पुढे यायची. टाळी आणि टवाळी यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला काय सांगणार, कपाळ? त्याच्या बायकोने कधी सांगितलंही नाही. ती खिडकीतून हसणाऱ्यांची तोंडं बघायची आणि मनात म्हणायची, फुग बाबा, फुग.

ही बायको एका लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर काम करायची. दिवसभर लोकांच्या कॉलरी आणि बाह्या हाताळून तिचं एकूण मनुष्यजातीबद्दल फारसं चांगलं मत राहिलं नव्हतं, आणि त्यात नवऱ्याचा नंबर अगदी तळाला होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिने त्याच्यावर प्रेम करून बघितलं. मग त्याची कीव करून बघितली. शेवटी ती तुच्छतेवर येऊन स्थिरावली, आणि खरं सांगायचं तर तिथे तिला बरं वाटत होतं. ती त्याला 'अहो' म्हणायची, पण असं, की त्यापेक्षा शिवी परवडली.

पन्हळींच्या बाबतीत मात्र त्याला अक्कल आहे, हे तीही मान्य करायची. कामाला हात घातला की तो बोलायला लागायचा आणि थांबायचं नाव घ्यायचा नाही. पाइपाच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि लांब लांब जायचं. पानं तोंडाकडे ढकललीत की पाइप बसलाच म्हणून समजा. ओलं पान ओढायचं नाही, उचलायचं. असं बरंच काही. सगळं झालं की तो घरमालकाला बाहेर बोलवायचा. बिचाऱ्याला गॅसवरचा चहा सोडून यावंच लागे. मग हा पन्हळीच्या लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओतायचा, धडपडत शिडीवरून उतरायचा आणि पाइपाच्या खालच्या तोंडाशी उकिडवा बसायचा. पाणी खळाळत आलं, की जणू आपणच ते जन्माला घातलंय अशा थाटात वर बघायचा. याला तो 'चाचणी' म्हणायचा. "चाचणीशिवाय काम म्हणजे काम नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. "माणसाने बोलून उपयोग नाही. पाणी बोललं पाहिजे!"

पाणी बोललं पाहिजे म्हणे! हा गृहस्थ स्वतः जन्मात कधी धड बोलला नव्हता.

म्हणजे 'हो' म्हणायचा. 'हो' म्हणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 'नाही' हा शब्द मात्र त्याच्या तोंडातून कधी कोणी ऐकला नव्हता. त्याची आई होती तोवर कौतुकाने सांगायची, की लहानपणी इतका गुणी पोरगा, औषध घे म्हटलं की लगेच तोंड उघडायचा. रडणं नाही, लाथा झाडणं नाही. औषध गालात धरायचा, हसायचा आणि मोरीत जाऊन हळूच थुंकून यायचा. हे सांगताना म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. सुनेला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नवी नवरी होती, तीही हसली.

मुलगी लहान होती तेव्हा तिने कुत्र्याचं पिल्लू मागितलं. "आणू की," हा म्हणाला, आणि खरंच आणलं. मग महिनाभर चपला कुरतडलेल्या, गालिचा भिजलेला. हा चकार शब्द बोलला नाही. एक दिवस फाटकाची कडी सरकलेली राहिली आणि पिल्लू गेलं. हा मुलीला मांडीवर घेऊन बसला, तिच्याबरोबर रस्ताभर हाका मारत फिरला, खांबाखांबावर कागद चिकटवले. बायकोला वाटलं, बावळट आहे, कडी लावायचं विसरला, पण मनाचा चांगला आहे.

मग एकदा तिला स्टेशनजवळच्या मोठ्या लाँड्रीत मुकादमाची जागा चालून आली. सकाळची पाळी, हाताखाली माणसं. "घे की, त्यात विचारायचं काय?" हा म्हणाला. "मी सोडत जाईन तुला स्कूटरवर." आणि रोज सकाळी याचं काहीतरी निघायचं. कधी चावी सापडत नाही, कधी मोजा सापडत नाही, कधी चाक बसलेलं. ती रोज उशिरा पोचायची. पहिला महिना संपायच्या आत तिकडच्यांनी सांगितलं, बाई, जमणार नाही. ती जुन्या टेबलावर परत आली. त्या संध्याकाळी यानेच तिच्यासाठी चहा केला. "जाऊ दे गं, तुझ्यासारखीची किंमत नाही त्यांना," असंही म्हणाला. तिला वाटलं, ढिला आहे, नंबर एकचा ढिला आहे. दुसरं काय वाटणार?

आता मुद्द्याचं. तिची आई.

आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. तिला दमा, त्यात जिना उभा. या दोघांची मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरातली मागची खोली रिकामी झाली तेव्हाच बायकोने विषय काढला होता, "आईला इकडे आणू या का?" पंडिताने पेपर बाजूला ठेवून सांगितलं, "आणू की! त्यांचंच घर आहे." खोली छान होती. मागच्या अंगणाकडे उघडणारी, एकमजली, वेगळ्या छोट्या छपराची, जिन्याचा त्रास नाही. तिने पडदे शिवले, खाट हलवली, आईच्या औषधांसाठी भिंतीला फळी ठोकून घेतली.

त्याच पानगळीत खाटेमागच्या कोपऱ्यात भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग रंगाचे पोपडे, मग काळी बुरशी आणि खोलीभर कुबट वास. आई म्हणाली, एवढ्याने काय होतंय, आणि राहायला आली. पहिल्याच पहाटे तिची छाती भरली, श्वास घेता येईना, आणि उजाडताच तिला परत न्यावं लागलं. रिक्षात बसवताना पंडित काळजीने म्हणाला होता, "आई, राहिला असतात आणखी."

त्यानंतर दरवर्षी तेच. उन्हाळ्यात भिंत सुकायची, ही खरवडून रंग द्यायची, आणि पानगळीचे पाऊस सुरू झाले की कोपरा पुन्हा काळा. ओलीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. "जमिनीतली ओल आहे," पंडित निदान सांगायचा. "पायाच कच्चा. पन्हळीचा संबंध नाही, ती मी दरवर्षी स्वतः साफ करतो. याला इलाज नाही बघ." आणि तिने ते मानलं. बाकी सगळ्यात गाढव असला तरी पन्हळीतलं त्याला कळतं, असं तीच तर म्हणायची.

या वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. आई जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. त्यातच त्या इमारतीच्या मालकाने घरं रिकामी करायला सांगितलं. भाऊ परदेशात. फोनवर त्याने मोठ्या समंजसपणे सुचवलं की एक बरा वृद्धाश्रम त्याच्या माहितीत आहे. "तुझ्याकडे ओल आहे म्हणतेस ना? मग?" त्या 'मग'ने ती आतून करपली. आई नुसतं म्हणाली, "जिथे ठेवाल तिथे राहीन गं. मला काय." पण डोळे हिच्यावर खिळलेले. थंडीच्या आत मागची खोली कोरडी झाली तर आई घरी, नाहीतर आई आश्रमात. सरळ हिशोब होता.

आणि मग एका सकाळी दुर्बीणकाका बोलले.

दुर्बीणकाका मागच्या घरात राहायचे. निवृत्त तिकीट तपासनीस. नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट हिच्या मागच्या अंगणावर उघडायची आणि काका दिवसातला बराच वेळ तिथे चहा पीत उभे असत. ही कपडे वाळत घालत होती. कुंपणावरून काका म्हणाले, "वहिनी, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"परवा पंडितांनी माझी पन्हळ साफ केली. चाचणीसाठी मला आंघोळीतून बाहेर काढलं हो! टॉवेलवर उभा होतो मी इथे. मग तुमच्या स्वतःच्या या मागच्या पन्हळीची चाचणी का नाही करत ते?"

"नाही करत?"

"कधीच नाही. दरवर्षी बघतो ना मी. वर चढतात, बराच वेळ कोपऱ्यात काहीतरी करत बसतात आणि उतरतात. बादली नाही, काही नाही. म्हटलं, आम्हालाच का छळ?"

काका हसले, तीही हसली. हातातली चादर तिने पिळली आणि पुन्हा पिळली. दिवसभर लाँड्रीत एका पांढऱ्या कोटावरचा डाग घासताना तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. जो माणूस दुसऱ्याला टॉवेलवर बाहेर काढतो पण चाचणी सोडत नाही, तो स्वतःच्याच घरी ती कशी विसरतो? विसरत असेल एखाद्या वर्षी. दरवर्षी?

शनिवारी तिने लाँड्रीच्या कपाटापाशी असते ती घडीची शिडी मागून घेतली आणि कपडे पोचवणाऱ्या गाडीतून घरी आणली. पंडिताची शिडी साखळीने बांधलेली असायची आणि चावी त्याच्या खिशात. इतर कोणी चढलं तर पडेल, त्याला काळजी वाटते, असं तो म्हणायचा. रविवारी सकाळी तो पलीकडच्या घरी पन्हळी काढायला गेला. त्याचं व्याख्यान भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. "ओढायचं नाही ताई, उचलायचं!" हिने पदर खोचला, भांडी घासायचे हातमोजे चढवले आणि मागच्या अंगणात शिडी उघडून चढली. खाली बघायचं नाही असं ठरवून तिने पन्हळीत बघितलं.

पन्हळ लखलखीत होती. पान नाही, काडी नाही, चिखलाचा कण नाही. तिच्या स्वयंपाकघरातलं भांडं एवढं स्वच्छ नसेल. आणि त्या स्वच्छ पन्हळीत परवाच्या पावसाचं पाणी काठापर्यंत तसंच उभं होतं. हलत नव्हतं. तिने हळूहळू शिडी कोपऱ्याकडे सरकवली, पुन्हा चढली आणि पाण्यात हात घालून पाइपाचं तोंड चाचपलं. बोटांना काहीतरी मऊ आणि घट्ट लागलं. त्याला तारेची एक कडी होती.

ती ओढणार होती. हात कडीपर्यंत गेलाही. मग तिने हात बाहेर काढला आणि हाक मारली, "अहो! जरा इकडे या. बादली घेऊन या."

पलीकडचं व्याख्यान थांबलं. थोड्या वेळाने पंडित मागच्या दाराने अंगणात आला, हातात बादली, तोंडावर हसू. तिला शिडीवर बघून हसू तिथेच वाळलं.

"अगं, पडशील! उतर आधी. हे तुझं काम नाही."

"चाचणी करायचीय," ती म्हणाली. "भरून द्या बादली."

आता इथे कुठलाही माणूस काहीतरी म्हणाला असता. ओरडला असता, शिडी हलवली असती, निदान पाठ फिरवून निघून गेला असता. पण पंडितच तो! तो नळाशी गेला, बादली भरली आणि गुपचूप वर तिच्या हातात दिली. तिने ती पन्हळीत ओतली. भरलेल्या पन्हळीत ते पाणी मावणार कुठे? ते धडाधड काठावरून उतरलं, भिंतीवरून, आईच्या खाटेमागच्या कोपऱ्यावरून ओघळलं आणि पंडिताच्या बुटांपर्यंत आलं. मागच्या खिडकीत दुर्बीणकाका चहाचा कप तोंडाशी धरून तसेच राहिले होते.

"पानं असतील," पंडित म्हणाला.

"पान एक नाही. आरशासारखी पुसून ठेवलीय तुम्ही."

"मग पक्ष्याने घरटं केलं असेल. पाइपात करतात कधी कधी. चिमण्या..."

"बरं," ती म्हणाली आणि हात घालून कडी ओढली. गुबुक असा आवाज झाला आणि सगळं पाणी भोवरा करत पाइपात शिरलं, खाली खळाळत बाहेर पडलं. अगदी त्याला आवडायचं तसं. या वेळी मात्र तो उकिडवा बसला नाही.

तिने हातातली वस्तू त्याच्यासमोर धरली. बोळा होता. पण कसला बोळा! जुन्या रबरी चपलेचा तळवा पाइपाच्या मापाने गोल कापलेला, त्यावर घडी घालून फडकं, त्यावर प्लास्टिक ताणून बसवलेलं, आणि सगळ्याला आडवी-उभी तार. वर कडी, उन्हाळ्यात काढायला सोपी जावी म्हणून. कुठे धागा लोंबत नव्हता, कुठे कड सुटलेली नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्यासाठी एक खिळा सरळ ठोकला नव्हता.

"कुठल्या चिमणीने केलं हे?" तिने विचारलं. "तार कुठून आणली तिने? तुमच्या गोदामातून?"



शिडीवर उभ्या उभ्या तिला एकेक दिसायला लागलं. फाटकाची कडी दिसली. सापडत नसलेल्या चाव्या दिसल्या, बसलेलं चाक दिसलं. दर वेळी ती म्हणाली होती, बावळट आहे, ढिला आहे, गाढव आहे. मूर्ख समजून समजून तिने या माणसाला आयुष्यभर माफ केलं होतं. आणि तो मूर्ख नव्हताच. तिला उघड उघड नीच माणसाशी संसार करता आला असता, निदान भांडता तरी आलं असतं. हा मात्र शेजारी बसून तिचे डोळे पुसत होता.

"माझ्या आईचा जीव जात होता त्या पहाटे," ती म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "तिला आश्रमात टाकायची वेळ आणलीत तुम्ही. नको होती ना ती तुम्हाला? मग तोंड होतं की नाही? सांगायचं, तुझी आई मला घरात नको."

"मी असं कधी म्हटलं?" तो खरोखर दुखावल्यासारखा म्हणाला. "तूच सांग. कधी नाही म्हटलं मी? त्यांचंच घर आहे असंच म्हटलं ना?"

"मग आत्ता म्हणा. एकदाच, तोंडाने म्हणा, नाही. तुमची शपथ, हा बोळा मी माझ्या हाताने परत बसवते आणि आईला आश्रमात सोडून येते. म्हणा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खिडकीतल्या काकांकडे बघितलं, मग स्वतःच्या ओल्या बुटांकडे. त्याचे ओठ हलले. तिला क्षणभर वाटलं, निघतंय, आता निघतंय. तसं झालं असतं तर कदाचित थोडा मान राखला असता तिने त्याचा.

"तसं काही नाही गं," तो म्हणाला. "तू उगाच मनाला लावून घेतेस."

ती खाली उतरली. बोळा तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हातमोजे काढले. "भिंत सुकायला उन्हाळा उजाडेल," ती म्हणाली. "तोवर आई आपल्या खोलीत झोपेल, माझ्याजवळ. तुम्ही मागे."

"हो हो," पंडित लगेच म्हणाला. "चालेल की. त्यात काय!"

आई आली. यायच्या दिवशी सामान उतरवायला पंडितच पुढे. खुर्ची त्याने धरली, मोडलेल्या मनगटाला धक्का लागू नये म्हणून दार त्याने धरलं, जावयाने करायचं ते सगळं केलं. पुढची ऊन येणारी खोली, मऊ गादी, खिडकीतून दिसणारा रस्ता बघून आई दारातच थबकली.

"ही तर तुमची खोली," ती म्हणाली.

"आता तुमची," पंडित म्हणाला. "मला मागची फार आवडते. शांत आहे."

आईचे डोळे भरून आले. तिने दुसऱ्या, धड हाताने त्याचा दंड थोपटला. "जावईबापू, अहो पोटचा मुलगा नाही असं करत. माझ्या पोराने नाही केलं."

बायको बॅग घेऊन मागे उभी होती. तिच्या तोंडाशी सगळं आलं. बोळा, तार, कडी, सगळं. पण आई कशी होती ते तिला ठाऊक होतं. आपण इथे नको होतो, हे आईला एकदा कळलं असतं, तर बॅग न उघडता ती आल्या पावली परत फिरली असती, आणि मग आश्रमाशिवाय दुसरा रस्ता नव्हता. तिने बॅग खाटेवर ठेवली आणि आईची औषधं बाहेर काढायला लागली.

थंडी कडक पडली. पुढच्या खोलीत आईचा श्वास सुधारला, ती खिडकीशी बसून स्वेटर विणायला लागली. मागच्या खोलीत पंडित खोकायला लागला. कुबट वासात झोपून त्याचा आवाज बसला, नाक सदा वाहायचं. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "सासूबाईंना ओल चालत नाही ना, म्हणून मीच म्हटलं, मी जातो मागे." मीच म्हटलं! गल्लीतल्या बायका चकित व्हायच्या. आता कोणी त्याला टवाळीने पंडित म्हणत नसे, मनापासून म्हणत. दुर्बीणकाकासुद्धा. त्या दिवशी खिडकीतून त्यांनी सगळं बघितलं होतं, पण बंद काचेतून ऐकू काही आलं नसल्याने त्यांचा समज झाला होता की पंडिताने बायकोला शिडीवर चढवून पन्हळ साफ करायला शिकवलं. वाटतं की नाही डोकं आपटावंसं?

आणि पंडिताचं काय? त्याला ते सगळं खरं वाटायला लागलं होतं. ते तिला त्याच्या चालण्यातून दिसायचं. उपकार केलेल्या माणसासारखा तो घरभर हळूहळू फिरायचा, खोकायचा आणि खोकून झाल्यावर आईच्या खोलीकडे बघून हसायचा.

एका संध्याकाळी ती लाँड्रीतून थकून आली. मागून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. तिने चप्पल काढली, पाणी पिऊन घेतलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं करून भाजी चिरायला घेतली. आईने विणकाम मांडीवर ठेवलं.

"अगं, तो केव्हाचा खोकतोय. गरम पाणी तरी नेऊन दे."

"घेतील ते."

"हे काय बोलणं झालं?" आई रागावली. तिला राग क्वचित यायचा. "मी आल्यापासून बघतेय. त्याच्याशी धड शब्द नाही तुझा. माझ्यासाठी स्वतःची खोली सोडली त्याने, तब्येत बिघडवून घेतली, आणि एका शब्दाने कुरकुर नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही. तुझा हा स्वभाव मला मुळीच आवडत नाही. मला लाज वाटते त्याच्यासमोर. जरा गोड बोलत जा त्याच्याशी."

सुरी हातात धरून ती आईकडे बघत राहिली. आईचे गाल भरले होते. श्वास सरळ चालला होता, घरघर नव्हती.

"हो आई," ती म्हणाली, आणि पाणी तापत ठेवलं.